चव निराळी, फास तोच!

तंबाखूची पाने द्रावणात भिजवून, गाळून काढलेला अर्क ई-सिगारेटमध्ये भरतात. परदेशातले शौकीन त्याची चव घेऊन तुलना करतात; एकाला व्हर्जिनिया पानाचा गोडवा आवडतो, दुसऱ्याला लटाकियाचा धुरकटपणा. हा अर्क म्हणे 'नैसर्गिक'! आम्ही विचारतो, निकोटीन पानातून आले म्हणून व्यसन सौम्य होते काय?

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सारे बंद केले. द्रवात निकोटीन असो वा नसो, बंदी लागूच. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे योग्यच झाले.

पण परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या ऊसतोड मजुराचे काय? त्याला ही महागडी नळी परवडत नाही. तो तळहातावर तंबाखू-चुना मळतो, भूक मारतो आणि पुन्हा कोयता उचलतो. घरची बाई मिश्री लावते. त्यांना चवींची निवड नाही. तोंडाचा कर्करोग मात्र त्यांच्याच वाट्याला. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण विडी आणि साधी तंबाखू पुडीवर इशारा छापून राजरोस विकली जाते.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा टोळ्या कारखान्याकडे निघण्यापूर्वी गावात आणि हंगामात कोपीवर जाऊन सरकारने मजुरांचे तोंड तपासावे, व्यसनमुक्तीचे उपचार मोफत द्यावेत. श्रीमंताच्या चवीवर कायदा धावून गेला. गरिबाच्या तोंडापर्यंत तो कधी पोचणार?