सहीचा हक्क

दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूच्या मारतहळ्ळीहून रात्रीच्या बसने पुण्याला निघणारी काही मुलं दरवर्षीची ठरलेली. अभ्यंगस्नान इथे आईकडे, भाऊबीज तिकडे बाबांच्या घरी. बसपर्यंत सोडायला येतो आईचा नवरा. मूल त्याला ‘काका’ म्हणतं. फराळाचा डबा त्यानेच भरलेला असतो. लाडू खाली, चकल्या मोडू नयेत म्हणून वर, आणि तिकडच्या धाकट्या बहिणीसाठी शंकरपाळ्यांची वेगळी पिशवी. यंदाचं संपादकीय या काकांसाठी, आणि अशाच घरांतल्या ‘मावशीं’साठी.

सावत्र आईचा छळ आपण कहाण्यांतून पोटभर ऐकला. तिने काढलेल्या खस्ता कुणी फारशा सांगितल्या नाहीत. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी घातलेला बहिष्कार, सुधारकांनी केलेलं कौतुक, सगळं इतिहासात आहे. पण त्या घरात कर्व्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रघुनाथही होता. दोनच वर्षांपूर्वी त्याची आई राधाबाई गेली होती. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे र. धों. ते हेच. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकून आलेली ही बाई लग्नाच्या दिवशीच एका जाणत्या मुलाची आई झाली, याकडे आपलं लक्षच जात नाही. विधवेचं कपाळ पाहिलं, पोराचं ताट नाही.

आज बहिष्कार नाही. लिफ्टमध्ये ‘तुझे खरे बाबा कुठे असतात?’ एवढंच विचारतात. मूल मजल्यांचे आकडे बघत उभं राहतं.

कायद्याची तऱ्हा तर अजबच. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालकांतून सावत्र आईवडिलांना स्पष्टपणे वगळलं. २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मात्र ‘पालक’ म्हणताना त्यांनाही मोजतो. म्हणजे मूल तापाने फणफणलं असताना काकांची सही कायद्याने पालकाची नव्हे. तेच काका म्हातारे झाले की त्याच मुलाकडे निर्वाह मागू शकतात! पहिल्या नियमामागे कारण आहे, हे मान्य. नव्या लग्नाने जुन्या बापाचा हक्क गिळू नये. दत्तकाची वाट आहे. पण वडील हयात असतील तर त्यांची संमती लागते, आणि ज्या मुलाला दोन्ही घरं हवीत त्याच्या ती वाट कामाची नाही.

इंग्लंडमध्ये यावर मधला मार्ग काढला आहे. जन्मदात्यांनी लेखी करार केला की सावत्र पालकालाही पालकत्वाची जबाबदारी मिळते. जन्मदात्याचं नातं तोडावं लागत नाही. असा करार आपल्याकडेही व्हावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर शाळांना एवढं तरी जमावं: आईच्या पत्रावर आजोबांच्या हाती मूल देता, तसंच काकांच्याही द्या, आणि ओळखपत्रावर त्यांचा फोटो लावायला जागा ठेवा.