रुग्णालयाची खुर्ची रिकामी राहू नये

पुणे-मुंबई पट्ट्यातला लस, औषधे, निदान-किट आणि वैद्यकीय उपकरणांचा उद्योग कसा वाढवायचा, या विषयावर परिषदा भरतच असतात. व्यासपीठावर कंपन्यांचे प्रमुख असतात, संशोधन संस्थांचे संचालक असतात, शासकीय अधिकारी असतात, अलीकडे गुंतवणूकदारही असतात. सरकारी रुग्णालयातला वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर मात्र क्वचितच दिसतो. दिसला तर उद्घाटनाला, पाहुणा म्हणून. आमच्या मते या प्रदेशातल्या लाइफ सायन्सेस उद्योगाचे घोडे इथेच अडले आहे. जमीन, भांडवल, करसवलती यांवर आपण पुष्कळ बोललो आणि ते बोलायलाही हवे होते. पण उत्पादन ज्याच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचते, त्याला आपण सर्वांत शेवटी गाठतो, तेही बहुधा सहीसाठी.

संस्थांची आपल्याकडे वानवा नाही. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५२ मध्ये सुरू झालेले व्हायरस रिसर्च सेंटर आज एनआयव्ही म्हणून ओळखले जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मुंबईत हाफकिन, टाटा मेमोरियल आणि आयआयटी आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत यावे, एवढ्या अंतरात हे सारे आहे. या संस्था एकमेकींच्या जवळ आल्या नाहीत असेही नाही. फक्त बहुतेक वेळा त्यांना जवळ आणले ते साथीने, नाहीतर योगायोगाने.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. प्रयोगशाळेसाठी जागा दिली ती ग्रँट मेडिकल कॉलेजने. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. आगाखान यांनी आपला खुश्रू लॉज या कामासाठी मोकळा करून दिला आणि अनुयायांची भीती जावी म्हणून स्वतः लस घेतली. सरकार, वैद्यकीय महाविद्यालय, शास्त्रज्ञ आणि समाजात शब्दाला वजन असलेला माणूस हे चौघे त्या वेळी एकाच कामाला लागले होते. तुरुंगातली ती चाचणी आजच्या कोणत्याही एथिक्स कमिटीसमोर टिकणार नाही, हे खरे. पण सहकार्य म्हणून तिची मांडणी आजच्या कितीतरी सामंजस्य करारांपेक्षा भक्कम होती.

योगायोगाची गोष्ट सीरम इन्स्टिट्यूटची. पूनावाला कुटुंबाचा पुण्यात घोड्यांचा स्टड फार्म होता आणि शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिन संस्थेकडे जात. तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरचे सीरम काढले जाई. घोडे आपले, मग सीरम आपणच का काढू नये, हा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ मध्ये कंपनी उभी राहिली. हाफकिनमधली अनुभवी माणसे तिला मिळाली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या लस-उत्पादकांपैकी एकाचा जन्म घोड्यांच्या व्यवहारातून झाला. कोणत्याही औद्योगिक धोरणात तो बसला नसता. असा योगायोग पुन्हा घडेल म्हणून वाट पाहत बसणे मात्र परवडणारे नाही.

जाणीवपूर्वक, आखून केलेल्या सहकार्याचे याच कंपनीच्या इतिहासात एक उदाहरण आहे आणि ते आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तपशिलात समजून घ्यावे असे आहे. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेच्या सहाराखालच्या पट्ट्यात मेनिंजायटिसची भयंकर साथ आली. अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले, पंचवीस हजार दगावले. पुढे गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरमधून ‘पाथ’ ही आरोग्यसंस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाचे प्रमुख मार्क लाफोर्स यांनी सुरुवातीलाच त्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना गाठून विचारले : लस कितीला असेल तर तुम्ही घ्याल? उत्तर आले, डोसमागे पन्नास सेंटच्या आत. मोठ्या पाश्चात्त्य उत्पादकांशी बोलणी जुळली नाहीत. तेव्हा संयुग्मनाचे तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून आले, सुरुवातीचे पॉलिसॅकराइड हॉलंडमधून आले, आणि लस बनवायची जबाबदारी पुण्याने घेतली. वाहक म्हणून लागणारे धनुर्वाताचे टॉक्सॉइड सीरमकडे होतेच; ती विद्या घोड्यांच्या काळापासून घरात होती. मेनॲफ्रिव्हॅक ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत टोचायला सुरुवात झाली. पुढे ती शीतसाखळीबाहेर, चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत, चार दिवसांपर्यंत वापरायला परवानगी मिळाली, कारण खेड्यात बर्फाची पेटी घेऊन हिंडणाऱ्या आरोग्यसेवकाची अडचण प्रकल्पाने आपली मानली होती. तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसच्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या.

या सगळ्यात क्रम पाहावा. आधी वापरणारा, मग किंमत, मग तंत्र, मग कारखाना. आपल्या इन्क्युबेटरांमध्ये बहुतेक प्रकल्प उलट्या टोकाने सुरू होतात. पीएचडीतून एक तंत्र निघते, त्याची कंपनी होते, प्रोटोटाइप तयार होतो आणि मग व्हॅलिडेशनसाठी रुग्णालय शोधायला बाहेर पडतात. तिथला डॉक्टर दोन मिनिटांत विचारतो, ‘हे आमच्या ओपीडीत कुणी चालवायचं? बारा वाजता दीडशे पेशंट बाहेर उभे असतात.’ या प्रश्नाला उत्तर नसते, आणि दोन वर्षे गेलेली असतात.

मुंबईतले उदाहरण याहून ताजे आहे. रक्ताच्या कर्करोगावरची सीएआर-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केली. पेशींची रचना आणि निर्मिती पवईत व्हायची, रुग्ण असायचे खारघरला, टाटाच्या ॲक्ट्रेक केंद्रात. रुग्णाच्या स्वतःच्याच टी-पेशी घेऊन, त्यांत बदल करून, त्या पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या, म्हणजे वैद्य आणि अभियंता यांनी एकमेकांच्या वेळापत्रकावर काम केल्याशिवाय हे होणेच शक्य नव्हते. राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून बायरॅकने मानवी चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले ते दोन्ही संस्थांच्या संयुक्त चमूला. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिला उपचार झाला. आयआयटीतच रुजलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ साठी केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. परदेशातल्या अशाच उपचाराच्या सुमारे एकदशांश खर्चात तो आज इथे मिळतो. यातली कळीची गोष्ट आम्हाला ही वाटते, की कर्करोगतज्ज्ञ पहिल्यापासून सहसंशोधक होते. कुठले रुग्ण घ्यायचे, दुष्परिणाम कसे हाताळायचे, हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या रचनेवर परिणाम करू शकतील इतक्या लवकर विचारले गेले.

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबने कोविडचे आरटी-पीसीआर किट सहा आठवड्यांत तयार केले आणि एनआयव्हीने त्याचे मूल्यमापन तातडीने केले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. संस्था एकाच शहरात असल्याचा फायदा त्या वेळी पुरेपूर मिळाला. क्षयरोगाच्या, मधुमेहाच्या, माताआरोग्याच्या किटला तो फायदा का मिळू नये?

तो मिळत नाही, याला रुग्णालयांच्या बाजूने खरी कारणे आहेत आणि ती उद्योगाने नीट ऐकली पाहिजेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाकडे ओपीडी, शिकवणे आणि परीक्षा यांतून उरलेला वेळच नसतो. कंपनीच्या चाचणीत त्याने घातलेले तास कुठल्याही नोंदीत धरले जात नाहीत. पेटंट निघाले तर त्यात त्याचे नाव कुठे, हे आधी ठरलेले नसते. ज्या करारात डॉक्टरच्या वेळेचा, संशोधन-परिचारिकेच्या पगाराचा आणि डेटा एंट्रीचा खर्च स्वतंत्र लिहिलेला नाही, तो करार केवळ फोटोपुरता आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणू.

नियमांचाही एक मुद्दा आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ज्या रुग्णालयाकडे स्वतःची एथिक्स कमिटी नाही, तिथली चाचणी दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीच्या मान्यतेने होऊ शकते. अट अशी, की ती कमिटी त्याच शहरात किंवा पन्नास किलोमीटरच्या परिसरात हवी. पुण्याभोवतीच्या लहान रुग्णालयांची सोय यातून होते, पण ती घेणारे थोडे. साताऱ्याला किंवा अहिल्यानगरला पुण्याच्या कमिटीचा उपयोग नाही. तेव्हा चाचण्यांचे जाळे जिल्ह्यांपर्यंत न्यायचे असेल, तर तिथल्या महाविद्यालयांच्या कमिट्या नोंदणीकृत आणि प्रशिक्षित असायला हव्यात, त्यांच्या बैठका ठरल्या दिवशी व्हायला हव्यात. इमारतींच्या तुलनेत याला नगण्य पैसा लागतो. हैदराबादच्या जीनोम व्हॅलीसारखे तयार प्रयोगशाळांचे पार्क आपल्याकडेही व्हावेत; पण पार्कमधून बाहेर पडलेले किट तपासायला रुग्णालयच तयार नसेल तर ते जाणार कुठे?

रुग्णालयाला टेबलाशी बोलावणे म्हणजे त्याच्याकडे सॅम्पलचे कोठार म्हणून पाहणे नव्हे. शिरूर तालुक्यातल्या वढूचे काम इथे डोळ्यांपुढे ठेवावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे २००२ पासून बावीस गावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नियमित नोंद होऊ लागली. रोटाव्हायरस आणि कोविडच्या लसींच्या चाचण्यांत वढूचा सहभाग होता तो या पायावर. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही येते ती आधी घरातले बाळंतपण नीट झालेले असते म्हणून. चाचणी संपल्यावर ज्या कंपनीचा माणूस गावात पुन्हा फिरकत नाही, तिने पुढच्या वेळी विश्वासाची अपेक्षा धरू नये. चाचणीचा निकाल गावाला त्याच्या भाषेत सांगणे आणि सिद्ध झालेले उत्पादन तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवडेल अशा दरात देणे, हे कराराचेच कलम असावे.

राज्य शासनाकडे आमची एक ठोस मागणी आहे. या क्षेत्रासाठी दिल्या जाणाऱ्या कोणत्याही संशोधन-अनुदानात सार्वजनिक रुग्णालयातला एक डॉक्टर सहसंशोधक असणे सक्तीचे करावे, आणि त्या कामाचे तास त्याच्या सेवेत धरावेत. विद्यापीठांनी सूक्ष्मजीवशास्त्र आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांना कारखान्याबरोबर वॉर्डातही काही आठवडे पाठवावे.

आमच्या वाचकांत क्यूसी-क्यूए सांभाळणारे आहेत, इन्क्युबेटर चालवणारे आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांतले अध्यापक आहेत. कंपनी, संशोधन संस्था आणि रुग्णालय यांच्यातल्या त्रिपक्षीय कराराचा एक नमुना-मसुदा आम्ही पुढच्या अंकात छापणार आहोत : वेळेचा मोबदला, नमुन्यांची मालकी, प्रकाशनाचा हक्क, पेटंटमधला वाटा आणि समुदायाला द्यायचा निकाल या कलमांसह. तुमचा करार कोणत्या कलमावर अडला, किंवा कोणत्या कलमामुळे सुटला, ते संस्थेचे नाव न देता या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लिहून पाठवा.