आई-बाबांच्या बॅगेत काय काय?

ऑनसाइट मिळालं, सेटल झालात, आता यवतमाळहून आई-बाबांना अमेरिकेला बोलावताय? झकास! तिकीट झालं, व्हिसा झाला, शेंगदाण्याची चटणीही पॅक झाली. आता फक्त एक प्रश्न विचारा, ''बाबा, बीपीची गोळी रोज घेता ना?'' उत्तर ठरलेलं, ''मले काई होत नाही बाप्पा!''

बॉस, गोची इथेच आहे. पाहुण्यांना तिथलं मेडिकेअर मिळत नाही. १९८६च्या कायद्यामुळे इमर्जन्सी रूम पैशांअभावी पेशंटला परत पाठवू शकत नाही. पण जीव सावरला की बिल येतंच, तेही डॉलरमध्ये. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा असतो. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तशी सक्ती नाही, म्हणून तो आपणच आठवणीने काढायचा.

फॉर्मवर बीपी-शुगर लपवू नका. क्लेम नाकारायला तेवढं निमित्त पुरतं. जुन्या आजारांना कव्हर किती, ते बारीक अक्षरांत वाचा. गोळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटातच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव हवं. आपलं साधं पॅरासिटामॉलसुद्धा तिथे ॲसिटामिनोफेन होतं!

तर, फोन आजच लावा. बाबा चिडले तर चिडू देत. तिथल्या बिलापेक्षा त्यांचा राग केव्हाही स्वस्त!