फाटकापर्यंतचा हिशोब

“ओढ्याला पाणी आहे ना?”

एप्रिलमधला शनिवार. कर्जत तालुक्यात कडावहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका शेतघराच्या फाटकावर डोंबिवलीहून आलेल्या आजोबांनी गाडीतून उतरता उतरता हे विचारलं. मी तिथेच उभा होतो. त्या शेतघराची जाहिरात मीच केली होती. जाहिरातीत ओढा दुथडी वाहत होता, बांध हिरवेगार होते, मागे डोंगरावरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. फोटो खरा होता, जागाही हीच होती. फक्त तो जुलैचा होता. एप्रिलमध्ये ओढ्यात होते ते गोटे. आजोबा रागावले नाहीत. नातवंडांच्या पोहण्यासाठी आणलेले टॉवेल त्यांनी मुकाट्यानं पुन्हा डिकीत ठेवले.

त्या आठवड्यातला माझा अहवाल मात्र छान होता. व्हॉट्सॲपवर संदेश भरपूर आले होते आणि दर संदेशामागचा खर्च कमी होता. दोन जाहिरातींची तुलना केली होती, ओढ्याची जाहिरात सरस ठरली होती, आणि तिचं बजेट वाढवा असं मी मालकांना सांगूनही टाकलं होतं. त्या दिवसापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो आहे, आणि या अंकात तो आपल्या सगळ्यांसमोर ठेवतो आहे: आपण जाहिरातीचा हिशोब कुठे थांबवतो?

बहुतेक जण संदेश आला की थांबवतो. लाइकवर थांबणाऱ्यांपेक्षा हे बरं, पण पाहुणा कडावला पोचतो, खोली पाहतो, जेवतो, पैसे देतो आणि जाताना पुढच्या वेळेबद्दल विचारतो किंवा विचारत नाही, हा सगळा भाग आपल्या तक्त्याबाहेर राहतो. मालकाचा धंदा नेमका याच भागात असतो.

चाचणीची ही शिस्त मोबाइलबरोबर आली असं नव्या मंडळींना वाटतं. तसं नाही. क्लॉड हॉपकिन्स यांचं ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ १९२३ सालचं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला कूपन जोडायचं, प्रत्येक मजकुराच्या कूपनवर वेगळी खूण छापायची आणि परत आलेली कूपनं मोजायची, ही रीत त्यांनी पक्की केली. जॉन केपल्स यांनी १९३२ मध्ये शीर्षकांच्या चाचण्यांवर पुस्तक लिहिलं. टपालानं कूपन पाठवणारा माणूस लिहायला बसे, तिकीट लावे, पेटीपर्यंत चालत जाई. एवढे कष्ट घेणाऱ्याला खरंच काही हवं असायचं. आपल्याकडे येणारा संदेश अंगठ्याच्या एका स्पर्शानं येतो, म्हणून त्याचं वजन कूपनाइतकं धरता येत नाही.

आपल्या भाषेतला अनुभवही जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत शेतकऱ्यांत होती. नांगर किती मजबूत आहे हे कितीही सांगितलं तरी या शंकेला ते उत्तर नव्हतं. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, ते कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी. गिऱ्हाइकाच्या मनातली नेमकी अडचण ओळखायची आणि तिला उत्तर द्यायचं, हे काम तेव्हाही होतं. बटणाचा रंग निळा की हिरवा हा वाद त्यानंतरचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी दाव्यांची चाचणी करा. दोन रंगांची, दोन फिल्टरची, दोन गाण्यांची नंतर. कडावच्या त्या मालकांच्या फोनवर मी नंतर दोन दिवस बसून राहिलो. लोक विचारत होते: गाडी दारापर्यंत येते का? कर्जत स्टेशनवर उतरलो तर पुढे रिक्षा मिळते का? आईला पायऱ्या चढवत नाहीत, खोली खाली आहे का? जेवण घरी बनतं का बाहेरून येतं? रात्री मोबाइलला रेंज असते का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्या जाहिरातीत नव्हतं. ‘निसर्गाच्या सान्निध्यात विसावा’ असं मात्र होतं, जे कुणीच विचारलं नव्हतं.

त्यातून आम्ही नव्या दोन जाहिराती केल्या. एकीत फक्त ताट: तांदळाची भाकरी, पिठलं आणि घरच्या शेतातल्या ‘कर्जत-३’चा भात. इथल्या भात संशोधन केंद्राची ही जात तालुक्याबाहेरही ठाऊक आहे, आणि जातीचं नाव घेतलं की भात कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरीत आजी खाटेवर बसलेली, खोलीचं दार अंगणाला लागून, एकही पायरी नाही. दोन्ही फोटो एप्रिलचेच, सुकलेल्या गवतासकट. संदेश ओढ्याच्या जाहिरातीपेक्षा कमी आले. आलेल्यांतले राहायला मात्र जास्त आले, आणि त्यांच्यातल्या कुणी फाटकावर ओढा विचारला नाही.

आता मोजण्याविषयी थोडं सविस्तर, कारण चुका इथे होतात आणि त्या प्रामाणिक माणसांकडूनच होतात. समजा, दोन जाहिरातींतून मिळून १५ बुकिंग झाली, एकीची १० आणि दुसरीची ५. पहिली दुप्पट चांगली, असं आपण लगेच म्हणतो. नाणं १५ वेळा उडवून पाहा. नाण्यात काहीही खोट नसताना १० विरुद्ध ५ किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरातून सुमारे ३० वेळा येतो. १२ विरुद्ध ३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरातून तीन-चार वेळाच, तेव्हा तिथे विश्वास ठेवायला जागा आहे. मोठे आकडे हवे असतील तर हे पाहा: शंभरातून दोन माणसं बुक करतात की तीन, एवढा फरक खात्रीनं ओळखायचा तर प्रचलित निकषांनी प्रत्येक बाजूला ३,८०० च्या आसपास माणसं लागतात. कडावच्या चार खोल्यांच्या शेतघराला तेवढे विचारणारे सहजी मिळायचे नाहीत. म्हणून लहान धंद्यासाठी बारीक फरकांची चाचणी करूच नये. ओढा की ताट, जोडपं की आजी, दर उघड की दर विचारा, असे ठळक फरक घ्यावेत. फरक मोठा असेल तर थोड्या बुकिंगांतही तो दिसतो.

दुसरी चूक यंत्राच्या स्वभावाची. एकाच ॲड सेटमध्ये दोन जाहिराती टाकल्या की फेसबुक-इन्स्टाग्राम दोघींना सारखी संधी देत नाही. सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकीकडे झुकतं आणि बहुतेक पैसे तिच्यावर घालतं. दुसरी हरली असं आपण लिहितो, पण तिला फारशी संधीच मिळालेली नसते. मेटाच्या ए-बी टेस्टमध्ये प्रेक्षक वेगळे पाडले जातात, एका माणसाला दोन्हींतली एकच दिसते. तुलना करायची तर तीच सोय वापरा. आणि ‘लर्निंग’ ही स्थिती सुटायला एका ॲड सेटला आठवड्याभरात साधारण ५० निकाल लागतात, म्हणून पाच ॲड सेटमध्ये पैसे विखुरण्यापेक्षा दोनच चालवा. ‘बूस्ट’चं बटण दाबून ठेवून अंदाज बांधणं हे तर चाचणीत मोडतच नाही. बजेट ठरवताना जीएसटीचे १८ टक्के धरा. हजाराच्या जाहिरातीला १,१८० लागतात, हे मालकाला आधी सांगितलं की महिनाअखेरीला शब्दाला शब्द लागत नाही.

नकाशावरचं वर्तुळ हा मात्र खास आपल्या भागाचा विषय. कडाववर खूण ठेवून भोवती किलोमीटरांचं वर्तुळ काढलं की ते सह्याद्रीच्या वर चढतं. भीमाशंकर, लोणावळ्याचा घाटमाथा सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथल्या माणसाला खाली यायला घाट उतरून लांबचा वळसा घ्यावा लागतो. उलट मुलुंड, ठाणे, डोंबिवली रेषेनं लांब वाटतात, पण कर्जत लोकलनं किंवा बदलापूर-नेरळ रस्त्यानं सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. वर्तुळ सोडा, शहरं आणि पिनकोड घ्या. कर्जत-खालापूर दोन्ही तालुके तर यादीतून काढूनच टाका. तिथून येणारे लाइक गावकीचे असतात, मामा-मावश्यांचे असतात. त्यांचं प्रेम खरं, पण ते मुक्कामाला येणार नसतात, आणि त्यांच्या लाइकमुळे यंत्राला आपलं गिऱ्हाईक चुकीचं समजतं.

कूपनावरच्या खुणेची सोय आजही आहे. व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत आधीच लिहून ठेवलेला संदेश वेगळा ठेवा. एकीत ‘ताटाबद्दल माहिती हवी’, दुसरीत ‘अंगणातल्या खोलीबद्दल’. मग पाहुणा कोणत्या जाहिरातीवरून आला हे मालकाच्या फोनवरच दिसतं, आपल्या लॅपटॉपची गरज पडत नाही. मालकाला संगणक येवो न येवो, तो हे वाचू शकतो.

आणि मालक कोण, हे विसरू नका. जुलैत लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला तो गुडघाभर चिखलात असतो. त्याच वेळी आपली जाहिरात वाशीच्या ऑफिसातल्या माणसाला दिसते, तो विचारतो, तीन तास उत्तर नाही, तो दुसरीकडे बुक करतो. ही हार जाहिरातीच्या नावावर लिहिली जाते. रोजच्या ऐवजी एकूण बजेट ठरवलं तर जाहिरातीचे तास नेमता येतात. घरातली सून किंवा शिकणारा मुलगा फोनजवळ असेल ते तास विचारून घ्या. चाचणीत हा एकच बदल केला तरी फार काही कळतं.

खरेपणाविषयी आता स्पष्ट बोलायला हवं. पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर, धरणांवर प्रशासन मनाई आदेश काढत आलं आहे, कारण माणसं बुडतात. तरीही धबधब्याखाली नाचणाऱ्या पोरांचा रील जाहिरातीत चालतो. तो ‘जिंकतो’ही. असा रील मी यापुढे चाचणीला घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये अशी माझी मनापासून विनंती आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. आपण वेळ लावून ठेवलेली जाहिरात अशा घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप चालू राहते, ‘पावसात भिजायला या’ म्हणत. ती बंद करणारं माणूस कोण, त्याचं नाव जाहिरात सुरू करतानाच ठरलेलं असावं.

काही जण वाड्यांवरच्या मुलांचे, रानभाज्या विकायला बसलेल्या ठाकर-कातकरी बायांचे फोटो न विचारता काढून ‘गावाकडचं जगणं’ म्हणून वापरतात. विचारा, समजावून सांगा, मोबदला द्या. नाही म्हणाल्या तर फोटो नाही.

जमिनीच्या जाहिराती करणाऱ्या आपल्या सोबत्यांसाठी तर कायदाच सांगतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे, चुकलं तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे ठाऊक असून ‘कर्जतमध्ये स्वतःचं फार्महाउस’ अशी जाहिरात भांडुपच्या कारकुनाला दाखवायची, आणि सातबाऱ्यावर नाव लागणार कसं हे त्यानं टोकन दिल्यावर कळायचं, याला मी चाचणी म्हणणार नाही. मोफत मुक्कामाच्या बदल्यात रील करणाऱ्यांनी ते सशुल्क जाहिरातीसारखंच उघड सांगावं, असं जाहिरात मानक परिषदेचं २०२१ पासून बंधन आहे. पाहुणचार म्हणजे पैसे नव्हेत, ही पळवाट तिथे चालत नाही.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी शेतीबरोबर पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं तेव्हा रील नव्हता, बूस्ट नव्हतं. लोक एकमेकांना सांगत आले. आपल्या कामाची तुलना आपण त्या सांगण्याशी करायची आहे.

पावसाळ्याची तयारी सुरू झाली आहे, म्हणून एक उपाय, जो मी कडावात गेले दोन हंगाम वापरतो. फाटकाजवळ एक लांब वही, दोरीला बांधलेलं पेन. पाहुणा आला की मालक पाच रकाने भरतो: तारीख, कोणत्या संदेशानं आला, किती माणसं, जाताना पुन्हा येतो म्हणाला का, आणि उतरल्यावर त्यानं पहिला प्रश्न काय विचारला. शेवटचा रकाना मी दर सोमवारी सगळ्यात आधी वाचतो. गेल्या पावसाळ्यात त्यात सर्वात जास्त वेळा लिहिलेला प्रश्न होता, “बूट कुठे वाळत घालायचे?” या वर्षीच्या पहिल्या जाहिरातीत चुलीशेजारी ओळीनं मांडलेले बूट आहेत. तिच्यासमोर ताटाची जाहिरात उभी करून १५ जूनला चाचणी सुरू करतो आहोत.