विश्लेषण : कन्सोलचा तोटा कंपनीला परवडतो, सोयाबीनचा शेतकऱ्याला का नाही?

खर्चापेक्षा कमी भावात माल विकला की धंदा बुडाला, असे आपण मानतो. पण गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या असा तोटा जाणूनबुजून सोसतात आणि टिकतातही. बीड जिल्ह्यातला सोयाबीन उत्पादकही अनेकदा तोट्यात माल विकतो. तो मात्र कर्जात जातो. असे का?

किंमत घटवल्यावर निन्टेंडोचे काय झाले?

निन्टेंडोचा ‘३डीएस’ फेब्रुवारी २०११ मध्ये जपानच्या बाजारात २५ हजार येनला आला. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. सहा महिन्यांतच किंमत १५ हजार येनवर आणावी लागली आणि प्रत्येक नगामागे तोटा होऊ लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्याने कमी केले. आधी जास्त पैसे मोजलेल्या ग्राहकांना २० जुने गेम मोफत मिळाले. मार्च २०१२ अखेरच्या वर्षात कंपनीला ४३ अब्ज येनहून अधिक निव्वळ तोटा झाला. तरीही पुढे ‘३डीएस’चे साडेसात कोटींहून अधिक नग विकले गेले.

तोटा भरून कसा निघतो?

कन्सोल एकदाच विकला जातो, गेम मात्र वर्षानुवर्षे. इतर कंपन्यांच्या गेमवरही कन्सोल कंपनीला वाटा मिळतो. शिवाय काळानुसार यंत्राचा उत्पादन खर्च उतरतो. जिओफोनचे गणितही असेच होते. २०१७ मध्ये परत मिळणाऱ्या १५०० रुपयांच्या अनामतीवर फोन हातात आला. कमाई होती रिचार्जमध्ये.

शेतकऱ्याचा तोटा वेगळा कसा?

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात भाव त्याखालीच राहिले. निन्टेंडोने किंमत स्वतः घटवली होती. अंबाजोगाई किंवा केजच्या शेतकऱ्याचा भाव मात्र दुसरेच ठरवतात. त्याच्याकडे नंतर विकायला ‘गेम’ नाही. तेल आणि पेंडीतली कमाई पुढच्यांची. आणि थांबायला वेळही नाही, कारण बी-बियाण्यांची उधारी, पीककर्जाचा हप्ता आणि रब्बीची पेरणी एकदमच समोर येतात.

मग उपाय काय?

तोटा पचवायला दोन गोष्टी लागतात : हाताशी पैसा आणि थांबण्याची मुभा. दुसरी गोष्ट देणारी योजना राज्यात आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. भाव वाढेलच याची हमी ती देत नाही, पण काढणीच्या आठवड्यातच माल विकण्याची सक्ती टळते.

त्यामुळे ही योजना बाजार समितीच्या फलकापुरती राहता कामा नये. काढणीआधीच गोदामे मोकळी हवीत आणि हमीभाव केंद्रे मळणीबरोबर सुरू व्हायला हवीत. ओलावा १२ टक्क्यांहून जास्त म्हणून माल परत जातो, तेव्हा तो वाळवण्याची सोयही केंद्रावर हवी. कंपनीचा तोटा ही गुंतवणूक ठरते, कारण तिला उद्याची वाट पाहता येते. शेतकऱ्याला निदान सहा महिने वाट पाहता येईल, एवढी व्यवस्था उभी करणे सरकारला आणि बाजार समित्यांना अवघड नाही.