पैसे मोजल्यावर माल कोणाचा?

कॉम्प्युटरवरील गेम म्हणजे पोरांचा खेळ, त्याचे व्यापाराच्या पानावर काय काम, असे वाचकांना वाटेल. आमची उमर कापडाचे तागे मोजण्यात गेली, आम्हालाही प्रथम तसेच वाटले. परंतु गेम हा आज जगातील मोठा धंदा आहे आणि त्यात जो तंटा चालला आहे तो आपल्या गादीवरचाच आहे. गिऱ्हाइकाने पूर्ण दाम मोजला, तर माल कोणाचा? लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांना हा सवाल वारंवार पडतो, म्हणून त्यांची हकीकत येथे मांडीत आहोत.

लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालविणारी प्रणाली. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला व सर्वांना खुला केला. तिचे पैसे पडत नाहीत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. पण गेम बनविणारे विंडोजसाठीच माल काढीत, कारण गिऱ्हाईक तिकडे.

लिनक्ससाठी गेम विकण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९९८ साली निघालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने दुसऱ्यांचे गाजलेले गेम परवाना घेऊन लिनक्ससाठी तयार करून विकले. काम चोख होते, पण विंडोजचा माल आधी बाजारात येई आणि लोकीचा मागाहून. सण उलटल्यावर आलेल्या कापडाला जो उठाव असतो, तोच त्याला मिळाला. २००१ साली दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि जानेवारी २००२ मध्ये दुकान बंद पडले.

लिनक्सवाले फुकटे, ते पैसे सोडीत नाहीत, असा शिक्का त्यांच्यावर बसला होता. तो खोटा ठरला. मे २०१० मध्ये हंबल इंडी बंडल या नावाने लहान कारागिरांचे काही गेम एकत्र विकण्यात आले. भाव गिऱ्हाइकाने ठरवायचा आणि मालावर कुलूप नाही, अशी अट होती. त्या विक्रीत लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. ज्या गिऱ्हाइकाला कोणी विचारीत नाही, ते मालाची कदर जास्त करते.

पुढचे पाऊल व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने टाकले. तिचे स्टीम हे इंटरनेटवरील गेमचे दुकान २००३ पासून चालू आहे आणि कॉम्प्युटर गेमच्या बाजारात ते सर्वांत मोठे आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर स्वतःचे दुकान आणले. हे विंडोज धंद्याला घातक आहे, असे व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्याच वर्षी उघडपणे सांगितले. दुकान आपले, पण शटरची किल्ली दुसऱ्याकडे, अशा स्थितीत कोणत्या व्यापाऱ्याला झोप येईल? फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. ही खैरात नव्हती, हिशोब होता. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाची लिनक्सची यंत्रेही बाजारात आली. ती चालली नाहीत, कारण त्यांवर चालणारे गेमच पुरेसे नव्हते.

तेव्हा व्हॉल्व्हने उलटा विचार केला. गेम बनविणाऱ्यांना विनवण्या करण्यापेक्षा विंडोजचाच माल लिनक्सवर चालवू. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आले. १९९३ पासून चालू असलेल्या वाइन या खुल्या कामावर ते उभे आहे. त्याचे काम दुभाष्याचे. गेम विंडोजच्या भाषेत फाइल मागतो, चित्र काढायला सांगतो, आणि दुभाषी तीच मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे पोहोचवितो. याच बळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र ३९९ डॉलरपासून विक्रीस आले आणि ते चालले. कोणता गेम त्यावर नीट चालतो, कोणता जेमतेम आणि कोणता मुळीच नाही, याची चिठ्ठी व्हॉल्व्ह स्वतः मालावर लावते. हा रिवाज आम्हाला पसंत आहे.

हार्डवेअरमध्येही असाच फरक दिसतो. ग्राफिक्स कार्ड चालविणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. एएमडी आणि इंटेल यांचे ड्रायव्हर खुले आहेत व लिनक्सच्या गाभ्यातच येतात. एनव्हिडियाने आपले बरीच वर्षे बंद ठेवले. २०१२ साली टोरवाल्ड्स यांनी भर सभेत त्या कंपनीवर राग काढला होता. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने काही भाग खुला केला. तरीही लिनक्ससाठी नवे कार्ड घेताना एएमडीचे घेतल्यास कटकट कमी.

आता कुलुपाची गोष्ट. नक्कल होऊ नये म्हणून गेमच्या सीडीवर सेफडिस्क, सेक्युरॉम अशी कुलुपे असत. त्यांपैकी काही विंडोजच्या इतक्या आत शिरत, की सुरक्षेच्या कारणाने २०१५ साली विंडोज १० ने ती नाकारली. ज्याने असली सीडी दाम मोजून घेतली तो अडकला आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र चालत राहिली! २००८ साली स्पोअर हा गेम फक्त तीन वेळा बसवून सक्रिय करता येईल, असे बंधन होते. ओरड झाल्यावर ते सैल करावे लागले, आणि चोरट्या प्रती तरीही पसरल्याच.

दुसरे कुलूप लबाडी रोखण्याचे. अनेक जण मिळून खेळतात त्या गेममध्ये ते असते. २०२१ साली अशा दोन मोठ्या कुलूपवाल्यांनी, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी, प्रोटॉनसाठी दार उघडले. परंतु ते दार वापरायचे की नाही, हे गेमवाल्याच्या मर्जीवर राहिले. एपेक्स लेजेंड्सने लबाडीचे कारण देऊन ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवाल्यांना बाहेर काढले. गेम फुकट होता, पण त्यातील वस्तूंसाठी लोकांनी पैसे मोजले होते.

चोरीची तरफदारी आम्ही करीत नाही. गेम बनविणाराही कारागीरच आहे आणि आपल्या डिझाइनची नक्कल दुसऱ्या गावात छापली जाते तेव्हा काय वाटते, हे कापडवाल्यास सांगावे लागत नाही. लबाड खेळाडूने इमानदाराचा खेळ बिघडवू नये, हेही रास्त. आमची तक्रार वेगळी आहे. विकताना ‘विक्री’ म्हणायचे आणि नंतर भाडेकरूसारखे वागवायचे, हा व्यवहार नव्हे. द क्रू हा २०१४ चा गेम मार्च २०२४ च्या अखेरीस कंपनीने सर्व्हर बंद करून संपविला आणि ज्यांनी विकत घेतला होता त्यांच्याही हाती काही उरले नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदाच केला, की नुसता परवाना देत असाल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. कुलपाविना धंदा होत नाही म्हणावे, तर पोलंडमध्ये २००८ साली निघालेले जीओजी हे दुकान बिनकुलपाचाच माल विकते. एकदा उतरवून आपल्या डिस्कवर ठेवला की तो आपला.

आपली अनेक मुले कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि कित्येक जुनी यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. अशांवर लिनक्स बसवून देणे हे चांगले काम आहे. मात्र गिऱ्हाईक गेमचे नाव घेईल तेव्हा आधीच सांगावे, की फार जुन्या ग्राफिक्स कार्डावर प्रोटॉन धड चालणार नाही आणि लबाडीरोधक कुलपाचे कित्येक गेम मुळीच चालणार नाहीत. गेम घेतल्यावर पहिल्याच दिवशी चालवून पाहावा. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात.

ताग्यात ऐब असेल तर आपण तो उलगडून दाखवितो आणि मगच भाव करतो. गेमच्या सौदागरांनीही तेवढे करावे. कुलूप लावायचेच असेल, तर ते पैसे घेण्याआधी दाखवावे.