दोन भिंगांचा मेळ

गेल्या दिवाळीत गंगाखेडास आमच्या घरी सारे कुटुंब जमले होते. पुतण्याने एका बंद पडलेल्या चित्रगृहातील जुने भिंग मिळवून ते आपल्या साध्या कॅमेऱ्यापुढे बसविले. हे भिंग दृश्याची रुंदी निम्मी आक्रसते. दाखविताना ती पुनः उलगडावयाची, म्हणजे ४:३ चे चित्र ८:३ होते. आंरी क्रेतियँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ह्याच युक्तीतून १९५३ साली सिनेमास्कोप निघाला, व १९५९ साली व्ही. के. मूर्ती यांनी 'कागज के फूल' त्याच पद्धतीने चित्रित केला.

अडचण एवढीच की, कॅमेऱ्याचे भिंग व हे पुढचे भिंग, दोन्ही निरनिराळी फिरवून एकाच अंतरावर जुळवावी लागतात. कोणी पाऊलभर सरकले की पुनः पहिल्यापासून! पुतण्या कंटाळून पुढचे भिंग काढू लागला. पण मग ओसरीच्या टोकास, वाटणीवरून रुसून बसलेले आमचे थोरले बंधू चित्रात मावत ना. मातुश्री म्हणाल्या, "बाळ, वेळ लागला तरी चालेल, पण कोणास वगळू नकोस."

माघात मातुश्री निवर्तल्या. त्या चित्रात मध्यभागी त्या आहेत, एका टोकास मी आणि दुसऱ्या टोकास दादा. घरोघरच्या चिरंजीवांस आमचे सांगणे इतकेच की, घाई न करिता दोन्ही भिंगे जुळवून घ्यावीत.